एमएच ३६ची किल्ली

सकाळी साडेनऊच्या सुमाराला भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात दहा मिनिटं थांबा आणि फक्त नंबर प्लेट वाचा. सीजी, ओडी, डब्ल्यूबी, जीजे, टीएन, एचआर. आणि या सगळ्यांच्या मधून, दोन ट्रकमधली फट शोधत निघालेली एमएच ३६. म्हणजे आपण. मागे मित्र, टाकीवर बॅग, कानात इअरफोन आणि पहिल्या लेक्चरला सात मिनिटं उशीर.

ज्या रस्त्यावर तुम्ही रोज पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून फिरता, तो साधा रस्ता नाही हे कधी लक्षात आलंय का? राष्ट्रीय महामार्ग ५३. घरातली मोठी माणसं अजूनही त्याला 'सहा नंबर'च म्हणतात, कारण २०१० मध्ये देशातल्या महामार्गांचे आकडे बदलेपर्यंत तो सहाच होता. सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघून थेट ओडिशापर्यंत जाणारा. आशियाई महामार्गांच्या यादीत त्याचा आकडा ४६. आता विचार करा, अर्ध्या देशाचा माल ज्यावरून जातो त्याच डांबरावर आपल्याला झेरॉक्स काढायला, टपरीवर चहा प्यायला आणि मावशीकडे डबा पोचवायला जायचं असतं. महामार्ग शहराच्या पोटातून गेला आणि शहर त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत राहिलं. वळणरस्ते कुठूनही काढा, आपल्या डोक्यात 'हायवे' म्हणजे हाच.

तुम्ही कुठून येता त्यावर तुमची सकाळ ठरते. तुमसर, मोहाडीकडचे वरठीवरून येतात. लाखनी-साकोलीकडचे आणि पवनी, अड्याळ, पहेल्याकडचे कारध्याला येऊन वैनगंगेच्या पुलावर चढतात. यातल्या प्रत्येकाला निघताना घरून एकच वाक्य ऐकू येतं, "बाबू, हळू चालवजो." आपण "हो" म्हणतो आणि गल्लीच्या तोंडावरच तिसरा गिअर टाकतो.

शहरातल्या मुलांसाठीच्या रस्त्याच्या गोष्टी सिग्नल, फ्लायओव्हर, पार्किंग अशा असतात. आपल्या रस्त्याला ऋतू आहेत, आणि मला विचाराल तर त्याबद्दल कुणीच आपल्याशी बोलत नाही.

जुलै लागला की रोवणी. केज व्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरावर येतात आणि मागे चिखलाचे गोळे सोडत जातात. पहिल्या सरीनंतर तो चिखल साबण होतो. रोवणीला जाणाऱ्या बाया सकाळी सातला ऑटोत, पिकअपमध्ये कोंबून बसलेल्या असतात. त्या गाडीचा ड्रायव्हर कुठेही थांबू शकतो, कारण बांधी आली की थांबायचं असतं, त्याला स्टॉप नसतो. ऑगस्टमध्ये वैनगंगा फुगली की कारध्याचा जुना लहान पूल पाण्याखाली जातो. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवराचं पाणी सुटलं तेव्हा नदी शहरातच शिरली होती, आठवत असेल. तरी दरवर्षी एक तरी पोट्टा सापडतोच, ज्याला पुलावर 'घोटाभरच पाणी' आहे की नाही ते गाडी घालून पाहायचं असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. आता रस्त्याच्या कडेला धान वाळतं आणि अर्धा रस्ता पिवळा होतो. त्यावरून चाक गेलं तर गाडी अशी सरकते की ब्रेक दाबणं हीच चूक ठरते. आणि संध्याकाळी तणीस. तणीस भरलेली ट्रॉली पाहिलीये ना? दोन्ही बाजूंनी दीड-दोन हात बाहेर आलेली, मागचा लाल दिवा असला तरी तणसात बुडालेला. अंधारात ती ट्रॉली दिसत नाही. तिचा काळा आकार दिसतो, तोही अगदी जवळ गेल्यावर. साधा हिशेब करा. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १७ मीटर संपले. चाळीसच्या वेगाला हेच अंतर ११ मीटर. मधल्या सहा मीटरमध्ये अख्खी ट्रॉली मावते. ज्यांचा दहावीनंतर भौतिकशास्त्राशी संबंध सुटला त्यांनी एवढं एक गणित तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत नदीवर धुकं. त्याच वेळी पहाटे पाचला रस्त्याच्या कडेनं धावणारी आपलीच पोरं-पोरी, पोलीस भरतीवाली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदान नसलेल्या गावात हे अंतर डांबरावरच मोजलं जातं. गडद रंगाचा ट्रॅकसूट, पाठमोरे, आणि समोरून हेडलाइट. तुम्ही गाडीवर असा किंवा धावणाऱ्यांत, दोघांनाही एकमेकांची भीती वाटली पाहिजे अशी ही जागा आहे. (धावणाऱ्यांनी येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेनं धावावं. पाठीमागून काय येतंय ते कुणालाच दिसत नाही.)

मार्चपासून मोहफुलं. जंगलालगतच्या रस्त्यांवर उजाडायच्या आधी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. साकोलीच्या पुढे तर रस्ता नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो. तिथे रात्री समोर काय येईल सांगता येत नाही: रानडुक्कर, चितळ, कधी त्याहून मोठं काही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका कारची वाघाला धडक बसली आणि तो वाघ दगावला. तिथे कारऐवजी बाईक असती तर बातमीत वाघाआधी माणसाचं नाव आलं असतं.

आणि बारमाही गोष्ट म्हणजे रेती. वैनगंगेची रेती देशात वाखाणली जाते म्हणे. आपल्याला ती वळणावर भेटते, टिप्परमधून सांडलेली, बोटभर जाडीची. वळताना गाडी तिरकी असते, त्याच क्षणी टायरखालचं डांबर गायब. गुडघ्यावरच्या जखमेचे फोटो ज्यांच्या स्टेटसला होते त्यांना विचारा, अर्ध्या जणांचं उत्तर 'रेती' असेल.

शहरात आल्यावर वेग आपोआप मरतो. गांधी चौकाकडे, मोठ्या बाजाराकडे तर चालत गेलेला माणूस आधी पोचतो. इथे वेगवेगळी माणसं भेटतात. ई-रिक्षावाल्या काकांना मागे पाहण्यासाठी आरसा लागत नाही, ते थेट वळतात. खांद्यावर पिशव्या घेतलेली आजी हात वर करते आणि रस्ता ओलांडते, तिचा हात हाच सिग्नल. आणि एक काका हमखास भेटतात जे समोरून येताना बोटं उघडझाप करून सांगतात, "लाइट चालू आहे!" काकांचा हेतू चांगला आहे. पण १ एप्रिल २०१७ पासून येणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट बंदच होत नाही, तशी रचनाच केलेली आहे. तरी मान हलवून हसायचं. इतक्या आपुलकीनं हायवेवर दुसरं कोण बोलतं?

वरठीच्या ऑटोवाल्यांचं जरा वेगळं. आपल्या स्टेशनचं नाव 'भंडारा रोड' आहे आणि ते भंडाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर आहे. त्यामुळे प्रत्येक गाडीच्या वेळेला हा रस्ता शर्यतीचा ट्रॅक होतो. स्टिअरिंगवर बसलेला मुलगा बरेचदा आपल्याच वयाचा असतो. बारावीनंतर, बी.ए.नंतर, 'काही लागेपर्यंत' ऑटो. अठराव्या वर्षी आपल्याला बाईकचा परवाना मिळतो, पण प्रवासी वाहतुकीचं वाहन चालवायला कायद्यानं वीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे तो तुमच्या पुढे एखाद-दोन वर्षांनीच असेल. तुमचं लेक्चर बुडतं, त्याची ट्रेन चुकली तर परतीची सीट रिकामी जाते. तो कट मारतो तेव्हा आपल्याला राग येतो. येऊ द्या. फक्त त्याच्याशी शर्यत लावू नका, त्याला तो रस्ता पाठ आहे.

मुलींचं काय? स्कूटीवाल्या वाढल्यात, दिसतंच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा अनेकींच्या घरी 'आता गाडी कशाला' ही चर्चा झाली असणार. पण लायब्ररी आणि क्लास संपायची वेळ आणि गावाच्या शेवटच्या बसची वेळ जुळत नाही तोवर ती स्कूटी चैन नाही. तीवर तिचा अभ्यास चालतो. फक्त एक: स्कार्फ म्हणजे हेल्मेट नव्हे. स्कार्फ उन्हासाठी आहे. आणि मैत्रीण हातात लटकवलेलं हेल्मेट कोपर वाचवत असेल फार तर.

आता मामा. चौकात शिट्टी वाजली की आपल्यातले अर्धे जण गाडी वळवतात. खरं तर कागद सोबत असायची सबब आता उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधला परवाना आणि आरसी कायद्यानं चालते, प्लॅस्टिकचं कार्ड घरी राहिलं तरी. आणि वळवून पळालात तरी फोटो निघतोच. ई-चालान गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर जातं. मालक म्हणजे बाबा. ते शेतात किंवा ड्युटीवर असतात, मेसेज येतो: ट्रिपल सीट, तारीख, वेळ, चौक. त्या वेळी तुम्ही 'लायब्ररीत' होता. दंडापेक्षा हे जास्त महागात पडतं, नाही का? तसा मोटार वाहन कायद्यात ट्रिपल सीटला दंड एक हजार आहेच, शिवाय परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. विनाहेल्मेटलाही तसंच. पण हेल्मेटच्या बाबतीत दंडापेक्षा दुसरा आकडा बोलका आहे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मृतांपैकी दोन-तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातले. म्हणजे आपण, आपले दादा-वहिनी, आणि आपल्याला शिकवणारे तरुण सर.

आता ज्याबद्दल हॉस्टेलवर, कट्ट्यावर कुणी बोलत नाही त्या विषयाकडे. विमा. नाव ऐकूनच पान उलटू नका.

तुमची गाडी कुणाच्या नावावर आहे? आणि तिचा विमा कधी संपतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे देतात, दुसऱ्याला शांतता. गोष्ट अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. शोरूममध्ये गाडीसोबतच तो झाला, कागद कव्हरमध्ये गेला, कव्हर आलमारीत. पाच वर्षं कुणाला आठवण करायची गरजच पडली नाही. २०२० च्या दसऱ्याला हार घालून घरी आणलेल्या गाडीचा हा विमा २०२५ च्या दसऱ्याच्या सुमाराला संपला. गाडी तशीच धावते, पेट्रोल तेवढंच खाते. विमा संपल्याचा गाडीला आवाज येत नाही.

मग होतं काय? समजा तुमच्या गाडीची धडक एखाद्या सायकलवाल्या मजुराला बसली. तो कामावर जाऊ शकत नाही, किंवा त्याहून वाईट. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. तिथे भरपाई ठरते ती त्याचं वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवरून, आणि ती सहज काही लाखांत जाते. थर्ड पार्टी विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. नसेल तर गाडीच्या मालकाकडून वसूल होते. मालक म्हणजे पुन्हा बाबा. धानाची बांधी ज्यांच्या नावावर आहे तेच. चालवणाऱ्याकडे परवानाच नव्हता असं निघालं, तर विमा असूनही कंपनी पैसे भरून नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. आणि विम्याविना गाडी चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, तो वेगळाच.

हे सगळं टाळायला लागतं किती? २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, वर कर. आपल्यातल्या बहुतेकांची गाडी याच गटात येते. एका महिन्याच्या रिचार्जात आणि दोन बिर्याणीत तेवढे जातात.

आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट. त्या पॉलिसीत '१५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण' असं लिहिलेलं असतं, ते पाहून घरचे निश्चिंत होतात. ते मालक-चालकासाठी असतं. गाडी ज्याच्या नावावर, परवानाही ज्याच्याकडे, त्याच्यासाठी. बाबांच्या नावावरची गाडी तुम्ही चालवता, तेव्हा ते तुमच्यासाठी आहे असं धरून चालू नका. एजंटला फोन करून एवढं एकच विचारा. तो थोडा अडखळेल, पण सांगेल.

आता लहान भाऊ. अकरावीतला, मिशी फुटायला लागलेला, संध्याकाळी तुमच्या खोलीच्या दारात उभा. "दादा, गाडी दे न, चौकावरून आलोच." आपणही असंच शिकलो, म्हणून आपण किल्ली फेकतो. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या बदलात यासाठी वेगळं कलम आलं, १९९ अ. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. गाडी पार्टटाइम नोकरीच्या पैशातून तुम्ही स्वतःच्या नावावर घेतली असेल, तर यातला 'मालक' तुम्ही आहात. आणि त्या भावाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे सगळ्यात जास्त झोंबायला हवं. पोलीस शिपाई चालकाच्या भरतीला परवाना लागतो. एसटीत चालक व्हायला लागतो. डिलिव्हरीच्या कामाला लागतो. जिथे सरकारी नोकरीची एकेक जाहिरात कापून भिंतीवर चिकटवली जाते, तिथे एका 'चौकावरून आलोच'साठी सात-आठ वर्षं जातात.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो ना, असं तो म्हणेल. मिळतो, पण बिनागिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्याच गाडीला. तुमच्या अंगणातली स्कूटी ११० किंवा १२५ची आहे. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान कारनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याला जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप झाला. आपणही स्टोरी टाकल्या. त्याच संध्याकाळी आपल्या गल्लीत सतरा वर्षांचं कुणी ना कुणी बाबांची बाईक फिरवत होतंच. कार नव्हती, एवढाच फरक.

शेवटी परतीचा रस्ता. साडेसात वाजलेत, अंधार आहे, पुलापलीकडे रस्त्यावर गर्दी दिसते, मधोमध पडलेली बाईक. वेग कमी होतो. मनात पहिला विचार येतो तो 'पोलिसांची लफडी नको'. हा विचार जुना झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यात आलं, कलम १३४ अ. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही, दवाखान्यात पैसे भरायला लावता येत नाहीत. २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला 'राह-वीर' म्हणून २५ हजारांचं बक्षीसही आहे, पण त्यासाठी कुणी थांबत नसतं.

थांबलात तर एक जण गाडी आडवी लावून, इंडिकेटर चालू ठेवून मागून येणाऱ्यांना इशारा द्या. गर्दी पाहणारेच दुसऱ्या धडकेत सापडतात. हेल्मेट घातलेल्या जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला धक्का बसतो. पाणी पाजू नका. १०८ लावा, महामार्गावर असाल तर १०३३ही चालतो. पलीकडून पहिला प्रश्न येईल, "नेमकं कुठे?" आणि "कारध्याच्या पुढे, त्या ढाब्याजवळ" हे उत्तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला कळत नाही. महामार्गाच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत, मधेमधे दोनशे मीटरचे छोटेही. मोबाइलचा टॉर्च लावा, सगळ्यात जवळच्या दगडावरचा आकडा वाचा आणि तोच सांगा.